वासंतिक वमन: धडधाकट माणसाने उलट्या का काढाव्यात?

नीरा_वाईकर
आमच्या जाऊबाईंनी यंदाही वासंतिक वमन (आयुर्वेदातलं, वसंतात औषध देऊन उलट्या काढणं) करून घेतलं. तिसरं वर्ष. ना दमा, ना त्वचेचा त्रास, बाई ठणठणीत. सोबतीला गेले होते म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

आधी पाच दिवस सकाळी तूप, पहिल्या दिवशी 30 मिली, पाचव्या दिवशी 150. मग तेल, वाफ, आणि आदल्या रात्री चक्क दहीवडे नि बासुंदी (कफ सुटावा म्हणून म्हणे). सकाळी साडेसहाला स्टुलावर बसवून घशाशी येईपर्यंत दूध पाजलं. त्यावर मदनफळाचं चाटण, मग ज्येष्ठमधाचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेला), पेल्यामागून पेला. एक मुलगी पाठ चोळतेय, दुसरी वहीत वेग (उलटीचे उमाळे) मांडतेय. शेवटी पिवळं कडू पित्त पडलं तेव्हा वैद्य म्हणाले, "झालं, छान!" जाऊबाई पांढऱ्याफटक. पुढे पाच दिवस पेज नि मुगाचं कढण.

आजारी माणसाने वैद्याला विचारून काय ते करावं. पण धडधाकट माणसाला 'शरीरातली विषं काढू' सांगून हे करायला लावणं मला पटत नाही.

खवट_शेंगदाणा
सहमत. कोणतं विष? एकाचं तरी नाव सांगा. शिसं? पारा? आधी रक्तात किती होतं, नंतर किती उरलं? यकृत आणि मूत्रपिंडं हेच काम बिनबोभाट करत असतात. दोन किलो वजन घटलं म्हणून पेढे वाटतात लोक. ते बहुतेक पाणी, आठवड्यात परत येतं.

वैद्य_विजया
'डिटॉक्स' हा शब्द आमचा नव्हेच. ग्रंथात शोधन (शुद्धी) आहे, आणि ते दोषांचं, म्हणजे वात, पित्त, कफ यांचं. थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, म्हणून तेव्हा वमन. शरदात पित्तासाठी विरेचन (औषधाने जुलाब), पावसाळ्यात वातासाठी बस्ती (औषधी एनिमा). 'शीतोद्भवं दोषचयं वसन्ते' (थंडीत साठलेले दोष वसंतात काढावेत) हे 'अष्टांगहृदय'कार वाग्भट ऋतुचर्येच्या अंगानेच सांगतो, म्हणजे आजार होण्याआधी. आणि त्या वहीला हसू नका. आठ वेग प्रवर (उत्तम), सहा मध्यम, चार अवर (कमी), शेवटी पित्त दिसायला हवं. कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे.

खवट_शेंगदाणा
शब्द तुमचा नाही, मग दवाखान्याबाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय?

वैद्य_विजया
'बॉडी डिटॉक्स' लिहिलंय, खोटं कशाला बोलू. 'शोधन' लिहिलं तर लोक पीएच.डी. करायला येतील.

कॅज्युअल्टीतला
मी मेडिसिनवाला. आमच्याकडे एका शिबिरातून साठीचे काका आले होते. विरेचन दिलेलं, जुलाब थांबेनात, पोटॅशियम 2.6, म्हणजे फारच कमी. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, ती कोणी विचारलीच नव्हती. हृदयाचे ठोके चुकायला लागलेले. दोन दिवस सलाईन. त्या वहीत पोटॅशियमचा रकाना असतो का?

वैद्य_विजया
हा अतियोग (शोधन प्रमाणाबाहेर होणं), आणि तो आम्हाला नवा नाही. चरकाने संहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदी (उपद्रव) सांगितल्यात. वृद्ध, गर्भिणी, हृद्रोगी यांना वमन द्यायचंच नाही, हेही तिथेच आहे. नाडी, बीपी, चालू औषधं न बघता सरसकट विरेचन देणं ही त्या शिबिराची चूक.

कॅज्युअल्टीतला
दरवेळी चूक शिबिराची आणि श्रेय शास्त्राचं, असं कसं चालेल?

दमेकरी
माझा अनुभव. दोन वर्षं वसंतात वमन केलं, त्या उन्हाळ्यांत पंप कमी लागला. तिसऱ्या वर्षी काही फरक नाही. पंप मात्र कधी सोडला नाही, वैद्यांनीच सोडू दिला नाही. मनाचे खेळ म्हणा हवं तर.

समुद्रकाठी
अवांतर: गोव्यात सात दिवसांचं 'पंचकर्म पॅकेज' घेतलं. अभ्यंग, वाफ, शिरोधारा. घरी येऊन वाचलं तर वमन, विरेचन, बस्ती, नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणं) या पाच कर्मांतलं एकही नव्हतं! झोप झकास लागली, पण पैसे पाच कर्मांचे घेतले.

खवट_शेंगदाणा
तुमचंच नशीब चांगलं. दमेकरी, मनाचे खेळ की औषधाचा गुण, हे चाचणी घेतल्याशिवाय कळणार कसं?

वैद्य_विजया
चाचणीला ना नाही. पण गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते. खोटी उलटी कशी देणार?

खवट_शेंगदाणा
खोटी देऊच नका. एका गटाला तुपापासून पेजेपर्यंत सगळं द्या. दुसऱ्याला नुसती पाच दिवस पेज, कढण, लवकर झोप आणि मोबाइल बंद. तीन महिन्यांनी दोघांना विचारा. मला वाटतं अर्धा गुण त्या कढणातच आहे.

वैद्य_विजया
अर्धा कबूल केलात, आज एवढं पुरे. (हलके घ्या.)

नीरा_वाईकर
धागा जाऊबाईंना वाचून दाखवला. पुढच्या वर्षी कढणवाल्या गटात बसायला तयार आहेत. अट एकच, आदल्या रात्रीची बासुंदी दोन्ही गटांना हवी.