रवी अजून सांगलीतच राहतो, मग इनडायरेक्टमध्ये 'लिव्ह्ड' का?

दहावीची आई: क्लासच्या सराव पेपरात वाक्य होतं, रवी सेड, "आय लिव्ह इन सांगली." मुलीने इनडायरेक्ट केलं, 'रवी सेड दॅट ही लिव्ह्ज इन सांगली.' मार्क कापला. 'लिव्ह्ड' हवं होतं म्हणे. ती विचारते, रवीने सांगली सोडली का? आणि 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे वाक्य मात्र बदलायचं नाही, ते कसं?

कराडचे मास्तर: ताई, मुलीचं वाक्य चूक नाही. सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर इंग्रजीत वर्तमानकाळ चालतो. सूर्याचं वाक्य त्याच न्यायाने सुटतं. 'लिव्ह्ड'ही बरोबर, आणि त्यातून रवीने गाव सोडलं असं अजिबात निघत नाही. तो तेव्हा बोलला म्हणून त्याचं बोलणंही तेव्हाच्या काळात ठेवलं, इतकंच. परीक्षेत मात्र 'लिव्ह्ड'च लिहू दे. तपासणाऱ्याशी वाद घालायला उत्तरपत्रिकेत जागा नसते.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच. मराठीत 'रवी म्हणाला की मी सांगलीत राहतो' चालतं, 'की'नंतर रवीचा 'मी' जसाच्या तसा राहतो. तसंच इंग्रजीत लिहिलं, 'रवी सेड दॅट आय लिव्ह इन सांगली', की सांगलीत राहणारा लिहिणाराच ठरतो! म्हणून मी वर्गात आधी सर्वनाम बदलून घ्यायचो, क्रियापदाला हात नंतर.

क्रियापदाचं थोडक्यात सांगतो. बाहेर 'सेज' किंवा 'विल से' असेल तर आतला काळ हलत नाही. 'सेड' असेल तर एक पायरी मागे: इजचं वॉज, विलचं वुड, कॅनचं कुड, हॅज गॉनचं हॅड गॉन. हॅड आधीच असेल तर आणखी मागे जायला पायरीच नाही; वुड, शुड, माइटही तसेच राहतात. साध्या भूतकाळाचं हॅड करतात, पण 'भारत १९४७ साली स्वतंत्र झाला' अशा वाक्यात 'बिकेम'च ठेवावं. मस्टकडे नीट बघा. 'आय मस्ट गो' ही सक्ती, तिचं हॅड टू होतं. 'ही मस्ट बी टायर्ड' हा अंदाज, तिथे मस्ट हलवायचा नाही.

भाषांतरवाला: मास्तरांशी सहमत, पण बातमीत या निवडीला वजन असतं. 'द मिनिस्टर सेड द ब्रिज वॉज सेफ' लिहिलं की दावा मंत्र्याचा. 'इज सेफ' लिहिलं की बातमीदारही त्यात थोडा सामील झाल्यासारखा वाटतो. पूल सुरक्षित आहे याची खात्री नसेल तर मी वॉजच लिहितो.

दहावीची आई: हे तिला लगेच पटलं! आणि टुमॉरोचं नेहमी 'द नेक्स्ट डे' करायचं का?

कराडचे मास्तर: पेपरात हो. घरी कुणी सकाळी "आय विल कम टुमॉरो" म्हणालं आणि तुम्ही संध्याकाळी तो निरोप दिलात, तर 'ही सेड ही वुड कम टुमॉरो' बरोबर. उद्या अजून उजाडायचाय ना! हाच निरोप आठवड्याने सांगाल तेव्हा 'द नेक्स्ट डे'.