लिलावातल्या ‘दुर्मिळ’ जुन्या पंख्यांच्या जाहिराती : बोलीआधी काय तपासावं?

गारवा

जुने विजेचे पंखे जमवणाऱ्यांसाठी प्रश्न. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटची भारतीय शाखा २०१८ साली बंद झाल्यापासून परदेशी साइटवरच बोली लावावी लागते, म्हणजे वस्तू हातात घेऊन बघायची सोयच नाही. सध्या तीन जाहिराती समोर आहेत आणि तिन्हींत काहीतरी खटकतंय.

पहिली, अमेरिकेतल्या विक्रेत्याची : जनरल इलेक्ट्रिकचा ‘पॅनकेक’ (चपट्या, गोल मोटारीचं मॉडेल), १९०५ च्या आसपासचा, १२ इंची, पितळी पाती, पितळी जाळी. पाच फोटो आहेत, पाचही समोरून. मागची मोटार, नेमप्लेट, बुडाची खालची बाजू, काहीच दिसत नाही. ‘चालवून पाहिलेला नाही’ असं लिहिलंय.

दुसरी, भारतातल्याच विक्रेत्याची : रॉकेलवर चालणारा १९१० चा अँटिक पंखा, चालू स्थितीत, जगभर पाठवू. त्याच जाहिरातीत शिल्लक नग ६.

तिसरी : ‘ब्रिटिशकालीन रेल्वे डब्यातला पंखा’. प्लेटवर ११० व्होल्ट डीसी.

यातल्या कुठल्या जाहिरातीवर वेळ घालवावा आणि विक्रेत्याकडे नेमके कोणते फोटो मागावेत?

---

तांबटआळी

पहिल्या पंख्यावर वेळ घालवा, दुसरा सोडून द्या. तिसऱ्याबद्दल जाणकार सांगतीलच, पण तिथे आधी कायद्याचा प्रश्न आहे.

फोटो मागताना ‘अजून फोटो पाठवा’ असं मोघम लिहिलंत तर समोरूनच आणखी चार येतील. एकेक भाग नाव घेऊन मागा : नेमप्लेट वाचता येईल इतकी जवळून, मोटारीची मागची बाजू, बुड उलटं करून, पात्यांच्या मधला हब आणि त्याचा स्क्रू, जाळी मोटारीला जिथे बसते ती जागा, आणि वायर आत शिरते ते भोक. शिवाय पात्यांना लोहचुंबक लावल्याचा एक फोटो. चुंबक चिकटला तर ते पोलादावरचं पितळी पाणी आहे, भरीव पितळ नाही.

शीर्षकातलं साल कोणीही लिहू शकतो. खरं साल बारीकसारीक भाग सांगतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आला, त्यामुळे १९०५ च्या पंख्यावर सगळे स्क्रू सरळ खाचेचेच हवेत. एखादा फुलीचा असेल तर तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो, पण सगळेच तसे असतील तर पंखाच नवा आहे. बॅकेलाइट हे सुरुवातीचं प्लास्टिक १९०९ साली जाहीर झालं, म्हणून त्याआधीच्या पंख्याला काळ्या बॅकेलाइटची कळ असेल तर निदान ती कळ तरी नंतरची. प्लेटवर विजेच्या वारंवारतेसाठी ‘हर्ट्झ’ छापलेलं असेल तर तो अमेरिकी किंवा इंग्रजी पंखा १९६० च्या आधीचा नाही. तिथे तोवर ‘सायकल्स’ लिहायचे, किंवा नुसती नागमोडी रेघ काढायचे. जर्मनीत हर्ट्झ आधीच रुळलं होतं, तेव्हा जर्मन पंख्याला हा नियम लावू नका. अमेरिकी प्लेटवर पेटंटच्या तारखांची ओळ असते. त्यातली शेवटची तारीख म्हणजे पंख्याच्या सालाची सर्वांत आधीची मर्यादा : पंखा त्याहून जुना असूच शकत नाही, नवा असू शकतो.

पॅनकेकसारख्या ओळखीच्या मॉडेलमध्ये अख्खा पंखा बनावट असण्यापेक्षा मोठा धोका जोडजंतराचा असतो. मोटार एकाची, पाती दुसऱ्याची, जाळी तिसऱ्याची. पितळी पाती-जाळीला भाव असल्यामुळे नंतरच्या पोलादी पात्यांच्या पंख्यावर जुनं पितळ चढवून विकलं जातं. समोरून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसत नाही, म्हणूनच फक्त समोरचे फोटो देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. बघायचं ते असं : पात्यांची टोकं आणि जाळी यांतलं अंतर सगळीकडे सारखं आहे का, जाळीचे पाय मोटारीवरच्या मूळ भोकांत बसलेत की नवी भोकं पाडलीत, हब आणि शाफ्टमध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळून घट्टपणा आणलाय का. पात्यांचा तिरकेपणा मोटारीच्या फिरण्याच्या दिशेशी जुळत नसेल तर पंखा मागच्या बाजूला वारा फेकतो. चालू पंख्याच्या व्हिडिओत समोर कागदाची पट्टी धरायला सांगा, लगेच कळतं.

आणि पितळ आरशासारखं चकचकीत असेल तर खूश होऊ नका. बफिंगच्या चाकावर फार घासलेल्या पात्यांवरचे ठोकलेले अंक-अक्षरं पुसट होतात, कडा पातळ होतात, तोलही जातो. मळकट, काळवंडलेलं पितळ विकत घेणं कधीही चांगलं.

---

स्टर्लिंगप्रेमी

दुसऱ्या जाहिरातीविषयी.

रॉकेलचा पंखा हा प्रकार खोटा नाही. खाली बर्नर, त्यावर बंद सिलिंडर, आत तापून फुगणारी आणि गार होऊन आकसणारी हवा, तिच्यावर चालणारा पिस्टन. शिकागोच्या लेक ब्रीझ कंपनीने १९१० च्या दशकात असे पंखे विकले, आणि जिथे वीज पोचली नव्हती तिथे ते कामाचेच होते. पण याच रचनेचे नवे पंखे भारतीय उपखंडात आजही तयार होतात. नवा पंखा नवा म्हणून विकला तर त्यात काही वावगं नाही, चांगली कारागिरी असते. पण ११० वर्षं जुने, एकसारखे, चालू स्थितीतले ६ नग एकाच माणसाकडे कुठून येणार?

याहून पक्की गोष्ट कायद्यात आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे १०० वर्षांहून जुन्या पुरावशेषाची खाजगी निर्यात करता येत नाही, आणि वस्तू पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेण्याची सोय आहे. विक्रेत्याला सरळ विचारा : ‘तो दाखला आहे का?’ दाखला असेल तर १९१० हे साल टिकवणं कठीण, आणि पंखा खरंच १९१० चा असेल तर ‘जगभर पाठवू’ म्हणायच्या आधी त्याला परवानगीचं उत्तर द्यावं लागेल.

नवा आहे हे कबूल करून शोभेसाठी घ्यायचा असेल तर एक चाचणी. बर्नर न पेटवता, थंड असताना चाक हाताने हळू फिरवल्याचा व्हिडिओ मागा. पिस्टन नीट बसलेला असेल तर चाक एका जागी स्प्रिंगसारखं किंचित मागे रेटतं. अजिबात विरोध न होता गरगर फिरत असेल तर हवा गळतेय आणि कितीही तापवलं तरी तो चालणार नाही. चांगला पंखाही पेटवल्यावर लगेच सुरू होत नाही. काही मिनिटं तापू द्यावा लागतो, मग हाताने एक धक्का द्यावा लागतो. काच लावलेल्या बर्नरची वात फार वर असली तर सिलिंडरचं बूड काजळीने माखतं आणि उष्णता आत पोचत नाही. टाकीत पूर्वी रॉकेल भरलेलं असेल तर विमानाने पाठवताना वासावरूनही पार्सल अडतं, तेव्हा टाकी धुऊन वाळवलेली हवी.

---

सिरीजबोर्ड

रेल्वेचा पंखा : जाहिरातीतच विसंगती आहे. आपल्या डब्यांत आधी २४ व्होल्ट डीसी होतं, ११० व्होल्ट नंतर आलं. ११० ची प्लेट दाखवून ‘ब्रिटिशकालीन’ म्हणणाऱ्याने निदान पंख्याकडे नीट पाहिलेलं नाही.

मुख्य प्रश्न तो आला कुठून हा. रेल्वे मालमत्ता (अवैध ताबा) अधिनियम, १९६६ हा वेगळा कायदा आहे आणि त्यात ज्याच्या ताब्यात माल सापडला त्यालाच तो कायदेशीरपणे मिळाल्याचं दाखवावं लागतं. रेल्वे भंगाराचे लिलाव रीतसर होतात, त्यामुळे सरळ मार्गाने आलेला पंखाही असतो. त्या लिलावाच्या पावतीची प्रत विक्रेता देत नसेल तर विषय तिथेच संपवा.

कागद चोख असतील तरी तो घरच्या प्लगला थेट लावायचा नाही. २३० व्होल्ट एसीवर त्याचं वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळेल. १२० व्होल्ट देणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि पुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर लावला तर कंडेन्सरशिवाय सरासरी १०८ व्होल्ट डीसी मिळतं, तेवढं पुरे. रेक्टिफायरनंतर मोठा कंडेन्सर जोडला तर तेच १६० च्या वर जातं, ती चूक बरेच जण करतात. कार्बन ब्रश किती उरलेत आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल चर पडलाय का, याचा फोटो मागा.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. वस्तूइतकाच विक्रेताही तपासायचा.

बोलींचा इतिहास उघडून बघा. नावं झाकलेली असतात, पण बोली लावणाऱ्यावर टिचकी मारली की गेल्या ३० दिवसांतल्या त्याच्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर आहेत ते दिसतं. फीडबॅक ० किंवा २ आणि टक्केवारी १०० असेल, तर किंमत चढवायला बसवलेला माणूस असण्याची दाट शक्यता. विकल्या गेलेल्या वस्तूंचं गाळण (फिल्टर) लावून तसाच पंखा खरोखर कितीला गेला ते बघा. चालू जाहिरातींतल्या मागितलेल्या किमतींना काही अर्थ नाही.

फोटो उचललेले असतात. प्रत्येक फोटो उलट शोधात (फोटोवरून फोटो शोधण्याच्या सोयीत) टाका, आणि विक्रेत्याला आजची तारीख लिहिलेला कागद पंख्याशेजारी ठेवून एक फोटो पाठवायला सांगा. वर्षानुवर्षं कपडे किंवा फोनची कव्हरं विकणारं खातं अचानक महागड्या दुर्मिळ वस्तू विकू लागलं तर ते चोरलेलं खातं असू शकतं. ‘साइटबाहेर पैसे द्या, स्वस्तात देतो’ म्हटलं की निघा. बाहेर दिलेल्या पैशाला ईबेचं संरक्षण नाही.

भारतातल्या मंडळींनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवून पुढे भारतात पाठवलं, तर पहिल्या पत्त्यावरून वस्तू हलल्यानंतर परताव्याचा हक्क जातो. म्हणून दादा-वहिनींना ‘खोकं तसंच ठेवा, आम्ही येऊ तेव्हा नेऊ’ असं सांगू नका. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, प्लेटचा फोटो, चुंबक, आणि तक्रार असेल तर ३० दिवसांच्या आत. शिवाय भारतात वापरलेल्या मालाची आयात, यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडला तर, व्यापार धोरणात निर्बंधित आहे. कुरिअरने पाठवायच्या आधी त्याची चौकशी करा.

पॅकिंग बोली लावण्याआधी ठरवून घ्या. बिडाचं बूड जड, ते आतल्या आत हललं की पाती वाकतात आणि जस्तमिश्रित ओतीव भाग तुटतात. जाळी आणि पाती काढून वेगळी गुंडाळायची, मोटार-बूड आतल्या खोक्यात, त्याभोवती सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर भराव आणि बाहेर दुसरं खोकं. नुसत्या चुरगळलेल्या कागदात पंखा पाठवणारे खूप आहेत.

---

गारवा

सगळ्यांचे आभार. दुसरा आणि तिसरा सोडला. पॅनकेकवाल्याने आज सहा फोटो पाठवले. चुंबक चिकटत नाही, स्क्रू सगळे सरळ खाचेचे, जाळीचे पाय मूळ भोकांत. प्लेटवर ११० व्होल्ट आणि १२५ सायकल्स लिहिलंय. हे १२५ म्हणजे छपाईची चूक की बनावट प्लेट?

---

सिरीजबोर्ड

चूक नाही, आणि ही चांगली खूण आहे. अमेरिकेत ६० सायकल्स स्थिरावण्याआधी दिव्यांसाठी १२५ आणि १३३ सायकल्सचा पुरवठा बऱ्याच ठिकाणी होता. काही प्लेटांवर १३३ चा आकडा ‘१६,००० अल्टरनेशन्स’ (विजेची दिशा बदलण्याची संख्या, एका सायकलमध्ये दोनदा) असा मिनिटाच्या हिशोबात असतो, त्याला १२० ने भागलं की १३३ येतात. नकली प्लेट करणारा सहसा ६० लिहितो.

पण रोज वारा घ्यायला हा पंखा नाही. आपल्या ५० हर्ट्झवर त्याची मोटार गरम न होऊ देता जेमतेम ४४ व्होल्ट देता येतात (११० गुणिले ५०, भागिले १२५), आणि वेग मूळच्या ४० टक्के. त्याऐवजी ६० सायकल्सवाला असता तर ९२ व्होल्टवर बरा चालला असता. थेट ११० दिलेत तर काही मिनिटांत वाइंडिंगचा वास येईल.

हातात आल्यावर आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) : ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर वीज लावायचीच नाही. कापडी वायरीच्या आतलं रबर हात लावताच चुरा होतं, ती वायर तीन तारांची, अर्थिंगसह बदला. मग ४४ व्होल्टवर पहिल्यांदा चालवताना १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो तिथे) डिटर्जंट नसलेलं २० नंबरचं तेल घाला, गंज काढायचा स्प्रे नको. आणि जुन्या जाळीच्या तारांत मुलाची मूठ सहज जाते, उंचावर ठेवा.

---

तांबटआळी

एकच फोटो अजून मागा : प्लेटच्या चार कोपऱ्यांचा, जवळून. रिव्हेटच्या किंवा स्क्रूच्या डोक्यावरचा मळ आणि भोवतालच्या रंगाचा मळ सारखाच जुना हवा. प्लेटखालून रंगाची वेगळी कड डोकावत असेल किंवा डोकी नवी चमकत असतील तर ती दुसऱ्या पंख्याची प्लेट आहे. ते ठीक निघालं तर तुमच्या बोलीचा कमाल आकडा ‘चालणारा पंखा’ म्हणून नाही, शोभेचा म्हणून ठरवा. त्यात पॅकिंग, दोन टप्प्यांचं भाडं आणि नवी वायर धरा, आणि तोच आकडा शेवटच्या मिनिटाला एकदाच टाका.