पुढच्या डाव्या चाकातून कुंईकुंई आवाज: बेअरिंग की ब्रेक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किमी. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. भर पावसात गाडी चिपळूणला अंगणात बरेच दिवस उभी होती. तेव्हापासून पुढच्या डाव्या चाकातून कुंई... कुंई... सुरू आहे. सलग नाही, चाकाच्या फेऱ्यागणिक. वीसच्या स्पीडला सेकंदाला तीनेकदा. चाळीसच्या पुढे ऐकू येत नाही, पण थांबतो की टायरच्या आवाजात बुडतो ते कळत नाही. काच खाली करून कंपाउंडच्या भिंतीलगत चालवली की स्पष्ट येतो.

ब्रेकवर नुसता पाय टेकवला की बंद, सोडला की पुन्हा हजर. वळणावर फरक नाही, स्पीडब्रेकरवरही नाही. व्हील कॅप काढून पाहिली (प्लास्टिकची कॅपही अशी चिवचिवते), आवाज तसाच.

सर्व्हिस सेंटरने ट्रायल न घेताच पॅड, डिस्क, दोन्ही बेअरिंग असं भलंमोठं एस्टिमेट हातात ठेवलं. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, "पावसाळी आवाज आहे साहेब, बिनधास्त चालवा." कोणाचं ऐकू? गणपतीला आईबाबांना कराडहून आणायचंय. येताना कुंभार्ली घाट उतरायचा, तिथे ब्रेकबद्दल शंका नको.

प्रतिसाद १:
बेअरिंग वाटत नाही. ते गेलं की घूंऽऽ असा घुमतो, स्पीडबरोबर वाढतो. डावं गेलं असेल तर उजवीकडे वळताना त्यावर भार येऊन आणखी वाढतो. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ नसेल तर तो खर्च सध्या बाजूला ठेवा.

ब्रेक लावल्यावर बंद होतो म्हणजे मामला पॅडचा. पॅड संपत आला की त्यावरची लोखंडी पट्टी डिस्कला लागून किंचाळते, ती मुद्दाम दिलेलीच असते. पण गाडी उभी राहिल्यावर सुरू झालं म्हणताय, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या, गंजून जाम झाल्या असाव्यात. फारसा ब्रेक न मारता थोडी चालवा आणि उतरून दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. डावीकडे जास्त धग लागली तर तेच. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

प्रतिसाद २:
डिस्कमागच्या पत्र्यात खडी अडकली तरी आवाज येतो, पण तो खर्रर्र असा. थोडं रिव्हर्स घेतलं की बऱ्याचदा पडते. आणि कोणी सांगितलं तरी डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारू नका, ब्रेकच लागणार नाही.

धागाकर्ता:
डावीकडे खरंच धग होती. मेकॅनिकला समोर बसून चाक खोलायला लावलं. खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत तांबडा गंज, हातोडीनेच निघाली. बाहेरचा पॅड ६ मिमी, आतला जेमतेम २, त्याची पट्टी डिस्कला टेकलेली! पिना, रबरं नवी, ग्रीस आणि दोन्ही चाकांचे पॅड बदलले. डिस्क, बेअरिंग जुनंच. आवाज गेला. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत काय सांभाळू?

प्रतिसाद १:
पहिले २००-३०० किमी करकचून ब्रेक टाळा, म्हणजे घाटाआधी थोडं गावात फिरवून घ्या. उतरताना सेकंड गिअर, न्यूट्रल अजिबात नाही. मागचे ड्रमही एकदा खोलून बघा, उभ्या गाडीत तिथेही गंज धरतो.