लोटली की तोर्डा? आईला जुनी घरं दाखवायचीत

डिचोलीवाली
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी आई-बाबा आणि माझा आठ वर्षांचा लेक यांना घेऊन निघायचं म्हणते. आईचं माहेर नार्व्याचं, चिऱ्याचं घर, मधे राजांगण, तुळस. ते यंदा पाडलं, आता स्लॅबचं होतंय, आणि तेव्हापासून आई गप्प गप्पच असते. लोटलीचं अँसेस्ट्रल गोवा, ते जुन्या गावाचं म्युझियम, उघड्यावर आहे ना? की तोर्ड्याचं हाउसेस ऑफ गोवा, जुन्या घरांचं म्युझियम, ते बरं? आईचे गुडघे दुखतात, तेही सांगा.

मडगांवचो
ताई, लेकासाठी लोटलीच. डोंगराच्या उतारावर जुनं गाव उभं केलंय, कुंभार, फेणीची भट्टी, बाजार, भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं घर, सगळं झाडांखालून चालत बघायचं. संत मीराबाईचं शिल्प तर चुकवूच नका, जांभ्या दगडात आडवं कोरलंय, १४ मीटर लांब, आणि महेंद्र आल्वारिसांनी ते ३० दिवसांत पुरं केलं. पण चढउतार आहे हां, सकाळी लवकर जा आणि आईंना मधे मधे बसवत न्या.

चिरेबंद
मी साइटवर काम करतो म्हणून सांगतो, आईंना तोर्ड्यालाच न्या. लोटलीला गाव दिसतं, घर कसं बांधलं जायचं ते तोर्ड्याला कळतं. आर्किटेक्ट जेरार्ड द कुन्हांनी रस्त्यांच्या मधल्या तिकोनी तुकड्यावर बांधलंय, लांबून जहाजच वाटतं, म्हणजे आकार एकदम आजचा आणि दगड आपलाच चिरा, म्हणजे जांभा. खाणीतून काढला की मऊ असतो, वारं लागलं की घट्ट होत जातो, पण पाणी पितो म्हणून जुने लोक वरून चुन्याचा गिलावा करायचे. आत जुने दरवाजे, कठडे, फरशा आहेत. शिंपल्यांच्या खिडकीपाशी मात्र थांबा, काच महाग होती त्या काळात पातळ चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवायचे, बाहेर रखरखीत ऊन असलं तरी आत उजेड दुधासारखा येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास तिथेच होतो. आत जिने आहेत पण, खालचं तरी नीट बघून घ्या.

सांतइनेजची
दोन्ही एका दिवसात करू नका, लोटली साष्टी तालुक्यात, तोर्डा बार्देशात, आई दमतील. आणि जिथे जाल तिथे त्यांना बोलतं करा, आमच्या आजीला सोप्यावर बसवलं आणि ती दोन तास सांगत होती.

डिचोलीवाली
सगळ्यांना खूप थँक्स. चिरेबंद बाब, तुमचं शिंपल्यांचं आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली आमच्या माडीवर तसलीच खिडकी होती, पाडताना मामाने काढून गोठ्यात ठेवलीय. म्हणजे आता आधी नार्व्याला, गोठा उघडायला. तोर्डा पुढच्या रविवारी. पट्ट्या वाळवीने खाल्ल्या असतील तर नव्या कोण बसवून देईल, माहीत असेल तर सांगा ना.