मदत हवी आहे: पक्षी धड ओळखता येत नाहीत, तरी नोंदणीला नाव देऊन बसलेय (नाशिक)

आनंदवलीची_सून

नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या निसर्गप्रेमी मंडळींनी येत्या शनिवार-रविवारी दिसेल तो जीव नोंदवायचा बेत केलाय. शनिवारी आपापल्या घराच्या आसपास, रविवारी सगळ्यांनी मिळून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेचेच दिवस आहेत, त्यामुळे पक्षी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर आणि बाकी सगळं, म्हणजे फुलपाखरं, कोळी, झाडंझुडपं, आयनॅचरलिस्ट या दुसऱ्या अ‍ॅपवर टाकायचं आहे. उत्साहाच्या भरात मी घरातल्या तिघांची नावं देऊन मोकळी झाले: मी, मुलगा (वय १०) आणि सासूबाई (वय ७१). नवऱ्याने शिताफीने फक्त गाडी चालवायचं कबूल केलं.

आता पोटात गोळा आलाय. खात्रीने ओळखता येतील असे पक्षी मोजले तर जेमतेम १८ भरले, तेही कावळा-चिमणी-कबुतर धरून. काल सराव म्हणून गच्चीवर वीस मिनिटं उभी राहिले. नऊ पक्षी लिहिले. शेवटी अ‍ॅपने विचारलं, सगळे नोंदवलेत का, अशा अर्थाचं काहीतरी. मी 'नाही' दाबलं, कारण दोन पक्षी राहिलेच होते. एक सारखा शेपूट हलवत होता आणि एक नुसताच तपकिरी. माझ्या अशा अर्धवट याद्यांमुळे खऱ्या अभ्यासकांच्या कामात घाण तर होणार नाही ना? ही भीती मनातून जात नाही.

दुसरं, नांदूरला म्हणे पाण्यावर हजारोंनी बदकं असतात. ती मोजायची कशी? 'पुष्कळ' असं लिहायची सोय आहे का?

तिसरं, सासूबाई. त्यांचं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. नजर आता अधू झालीय, पण कान तिखट. सकाळी चहा घेताना सांगतात, तो बघ तांबट, भांडी बाजारात ठोके पडायचे तसा ठोकतोय. त्यांचं ऐकून मी लिहिलं तर चालेल का, की डोळ्यांनी दिसायलाच हवं?

आणि एक नाजूक प्रश्न. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत. सोसायटीत निम्म्यांना ती अपशकुनी वाटतात. नोंद करायची की नाही?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. दुर्बीण एकच आहे, तीही उसनी.

आठवा_सातभाई

स्वागत आहे, ताई. घाबरू नका, तुमची गच्चीवरची यादी चांगली होती. फक्त शेवटचं बटण चुकलं.

तो प्रश्न 'तिथे असलेले सगळे पक्षी लिहिलेत का' असा नसतोच. तसं कोणालाच जमत नाही. तुम्हाला जे ओळखता आले त्यातले सगळे लिहिलेत, मुद्दाम कुठला गाळला नाहीत, एवढंच त्यांना हवं असतं. दोन अनोळखी पक्षी सुटले तरी उत्तर 'हो'च. मात्र 'कबुतर काय लिहायचं, रोजचंच आहे' म्हणून ते वगळलंत तर उत्तर 'नाही'. लोक गडबड करतात ती इथे. दुर्मीळ दिसलं की धावत येऊन लिहितात आणि साळुंकीला विसरतात. अभ्यासकाला तुमच्या गच्चीवर साळुंकी दर वर्षी किती वेळा नोंदली जाते, यावरूनच ती वाढतेय की घटतेय ते कळतं. दिसलीच नाही तर तेही त्याला कळायला हवं, आणि ते पूर्ण यादीतूनच कळतं.

शेपूट हलवणारा बहुधा धोबी. तपकिरी जो आहे तो तपकिरीच राहू दे. नेमकी जात कळत नसेल पण बदक आहे, घार-गरुडापैकी आहे एवढं नक्की असेल, तर त्यासाठीही मोघम पर्याय आहेत. 'माहीत नाही' लिहिल्याने काही बिघडत नाही, माहीत नसताना ठोकून दिलेलं नाव मात्र बिघडवतं. तसं झालंच तर स्थानिक जाणकार तपासनीस असतात, ते अदबीने विचारतात. त्याला चौकशी समजू नका.

आवाजावरून नोंद शंभर टक्के चालते. सासूबाईंना पुढे घाला. सेटिंगमध्ये पक्ष्यांच्या नावांची भाषा मराठी करून घ्या, तांबट लगेच सापडेल.

यादी किमान १५ मिनिटांची करा आणि सुरुवातीची वेळ खरी लिहा.

कांदेनवमी

एवढं काय त्यात, मर्लिन अ‍ॅप लावून ठेवायचं. आवाज ऐकून नावं आपोआप येतात, ती टाकायची. आणि पक्षी झाडीतून बाहेर येत नसेल तर मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवायचा, धावत येतो. आम्ही तर असंच करतो.

आठवा_सातभाई

@कांदेनवमी, दोन्ही गोष्टींना हात जोडून विरोध. मर्लिन सुचवतं, साक्ष देत नाही. ते नाव आल्यावर आपण कान देऊन तो आवाज ऐकायचा, जमलं तर पक्षी शोधायचा, मग लिहायचं. शिट्टी घालणाऱ्या वॉचमनलाही ते कधीकधी पक्षी ठरवतं.

आवाज वाजवण्याचं तर नावच नको. हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो बिचारा अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते.

कांदेनवमी

हे माहीत नव्हतं. बंद.

निफाडचा_गारठा

रविवारचं मी सांगतो, आमचं गावच तिकडचं.

पहाटे निघा आणि अंगावर भरपूर घाला. निफाडची थंडी वर्तमानपत्रात वाचलीच असेल, गोदावरी-कादवेच्या संगमावर पाण्याच्या कडेला ती आणखी चावते. एसटीने निफाडपर्यंत याल, पण पुढे गाडी हवीच. सध्या द्राक्षांचा हंगाम आहे, रस्त्यावर क्रेट भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप असतात, नवरोबांना घाई करू देऊ नका. खाणगाव थडीच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातलेच गाईड मिळतात. गाईड घ्याच. त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, असतो आणि कोणतं बदक आज कुठल्या कोपऱ्यात आहे ते त्यांना ठाऊक असतं. हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालं, तेव्हापासून रविवारी गर्दी वाढलीय. नऊनंतर सेल्फीवालेच जास्त.

उसाच्या कडेने मुलाला एकटं सोडू नका. बिबट्याचा भाग आहे. घाबरवत नाही, आम्ही रोज तसेच वावरतो, पण गप्पा मारत, घोळक्याने.

आता मोजणी. आधी दहा पक्षी नीट मोजा आणि दहांचा ढीग किती जागा व्यापतो ते डोळ्यांत धरा. मग तसे ढीग मोजत जा. फार मोठा थवा असेल तर पन्नासाचे ढीग. २८७ की ३०० याला कोणी हसत नाही. संख्येऐवजी एक्स टाकायची सोय आहे, पण त्यातून एक होता की हजार, काहीच कळत नाही. अंदाज का होईना, आकडा द्या.

आणि गटाने जाताय तर यादी एकानेच करायची आणि बाकीच्यांना शेअर करायची. गेल्या खेपेला आमच्याकडे सात जणांनी तेच वारकरी पक्षी सात वेळा टाकले होते.

पानामागचा_कोळी

आयनॅचरलिस्टबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी.

मुलाला मोबाईल द्याल तर पहिला फोटो घरच्या कुत्र्याचा आणि दुसरा कुंडीतल्या जास्वंदीचा येणार, हे लिहून ठेवा. टाकला तरी बिघडत नाही, पण पाळीव किंवा लावलेलं आहे अशी खूण करा. खरी मजा भिंतीच्या कडेला उगवलेल्या तणात आहे. झाडाचा एकच लांबून फोटो नको, पान, पानाची मागची बाजू, फूल, खोड असे वेगवेगळे. फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही मिळाले तर ओळखणारा दुवा देतो. एक जीव म्हणजे एक नोंद. पाच फोटो असले तरी नोंद एकच.

शनिवारी फार हिंडू नका असा माझा सल्ला. गंगापूर रोडला फुललेला पांगारा किंवा काटेसावर शोधा आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून बसा. भोरड्या, बुलबुल, शिंजीर, मधमाश्या, खारी सगळे तिथेच येतात. आजींनाही सोपं.

घुबडाचं: फोटो ग्रुपवर नको, इमारतीचं नाव तर अजिबात नको. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर ठेवता येतं, पण तुमच्या जागी मी पिल्लं उडून जाईपर्यंत थांबेन. घुबडं पकडणाऱ्यांचंही लक्ष असतं. अपशकुनवाल्यांना सांगा की हे कुटुंब रात्री तुमच्याच पार्किंगमधले उंदीर खातं. त्याने नाही पटलं तर घुबडाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, घरटं हलवणं महागात पडेल. दुसरं वाक्य बहुतेक लगेच पटतं.

उगाच_आपलं

हे सगळं करून शेवटी होतं काय? रविवार जातो, झालं.

निफाडचा_गारठा

@उगाच_आपलं, तुमचा कशात जातो?

आनंदवलीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, त्याचा वृत्तांत देते.

शनिवारी सोमेश्वरकडच्या एका काटेसावरीखाली तीन याद्या केल्या. २२ जाती! सासूबाईंचे कान धरून, म्हणजे त्यांचं ऐकून, सहा. एकदा मर्लिनने भलतंच नाव दाखवलं आणि मी भाबडेपणाने टाकलं. अ‍ॅपने लगेच विचारलं की हा इथे नेहमीचा नाही, तपशील द्या. तपशील काय देणार कपाळ! काढून टाकलं. सातभाईंचं बोलणं तेव्हा कळलं.

रविवारी मनोऱ्यावर पोहोचलो तर पाण्यावर धुकं, काही म्हणजे काही दिसेना. मुलगा कंटाळून रडकुंडीला. धुकं विरलं तशी काळी काळी टिंबं दिसायला लागली. गाईडदादांनी स्कोप लावून दिला. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. सासूबाईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, 'अगं, हे तर वारकरी!' नाव त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पुढे अर्धा तास स्कोप कोणाला मिळाला नाही.

आम्ही दहा-दहाचे ढीग करत २६० पर्यंत आलो आणि कुठून तरी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला. सगळं पाणी उठलं. बदकं, शेकाटे, सगळे आकाशात आणि आमचा आकडा हवेत. मुलगा म्हणाला, आता उडणारे मोजायचे की बसणारे? गाईडदादा शांतपणे म्हणाले, चहा प्या, बसतील. बसल्यावर पुन्हा मोजलं आणि ३०० लिहिलं. थापट्या, भुवई बदक, चक्रवाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या दिसल्या. एक तपकिरी बदक कोणालाच ओळखता आलं नाही. तपकिरीच ठेवलंय.

आता एक नवीन प्रश्न. परतताना सासूबाई विचारत होत्या, एवढे पक्षी लिहिलेस, गिधाड का नाही लिहिलंस? म्हटलं, दिसलं नाही. तर म्हणाल्या, आमच्याकडे ७२ च्या दुष्काळात ढोरं मरायची तेव्हा ओढ्याकाठी बसलेली असायची, ती लिही. हे कुठे लिहितात?

आठवा_सातभाई

जुन्या तारखेच्या याद्याही टाकता येतात, पण दिवस, जागा, संख्या माहीत असेल तरच. नुसत्या आठवणीवर यादी करू नका. त्याऐवजी एक वही करा: गाव, ओढ्याचं नाव, साल, ऋतू, अंदाजे किती, कोणी सांगितलं. त्या म्हणतायत ते खरंच आहे. गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध द्यायचे, ते अंगात असलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. आपल्याकडे अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं अजून दिसतात. एकदा आजींना पायथ्याशी घेऊन जा, वर चढायची गरज नाही.

आनंदवलीची_सून

वही केली. किती असायची, विचारलं, तर आधी म्हणाल्या 'लई'. मी म्हटलं, नांदूरला मोजलं तसं दहा-दहाने सांगा. डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, चार ढीग. ४० लिहिलंय.

अंजनेरीला पुढच्या रविवारी जातोय. घुबडाची पिल्लं कालपासून टाकीच्या कठड्यावर येऊन बसायला लागलीत. फोटो काढलाय, टाकत नाही.