शब्दचर्चा: लवंगेच्या सेंटला ‘मसालेदार’ म्हणावं का?

गुजरीकर: दाजींनी दिवाळीला सेंट दिलं. लवंग, दालचिनी, वेलदोडा आणि तळाला चंदन. आईला म्हटलं, वास मसालेदार आहे. तिनं विचारलं, रश्श्यासारखा? आपल्या कोल्हापुरात मसाला म्हणजे कांदा-लसूण मसालाच. मग या वासाला काय म्हणावं? आणि संध्याकाळी मनगटावर जो वेगळाच वास उरतो, त्याला?

महाद्वार: ‘खड्या मसाल्याचा वास’ म्हणा, कांदा-लसूण आपोआप बाजूला पडतो. ‘तिखट’ नको, ‘झणझणीत’ तर नकोच. ते जिभेचे शब्द. ठसका घशाचा. डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, संकेश्वरी मिरची कांडताना लागतो तो. ‘दर्प’ घामाला, दारूला लावतात, चांगल्या वासाला तो लावणं मला पटत नाही. दाढीनंतरचं ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी १९३८ साली आलं. नावात मसाला असूनही आमच्या घरी त्याला कुणी मसालेदार म्हटलं नाही. ‘दाढीचा वास’ म्हणायचे, आणि सगळ्यांना कळायचं.

फवारल्या फवारल्या स्पिरिटसकट नाकात शिरतो तो भपकारा. खोली भरली तर घमघमाट. माणूस शेजारून गेल्यावर झुळकीसरशी येतो तो दरवळ, आणि सेंटचं खरं कौतुक त्या दरवळात आहे. गंमत म्हणजे कनौजला अत्तर काढताना वाफ ज्या तांब्याच्या भांड्यात उतरते त्यालाही भपकाच म्हणतात. जुन्या पद्धतीत त्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं.

कळंबा: संध्याकाळच्या वासाला ‘मुरलेला’ म्हणा. लोणच्यासारखा.

गुजरीकर: ताई, शब्द गोड आहे, पण लोणच्यात सगळं एकमेकांत मिसळतं, जात काही नाही. इथं एकेक जण निघून जातो. सेंटात लिंबा-संत्र्याचा वास असला तर तो आधी उडतो, कारण त्यातलं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं. लवंगेतलं युजेनॉल २५४ अंशांना, म्हणून ते मागं रेंगाळतं. चंदन त्याहून जड, ते शेवटी. मुरण्यापेक्षा हे उरणं आहे.

वाडी रत्नागिरी: ‘उरलेला’ म्हटलं की शिळं अन्न आठवतं, दादा. मला दवण्यावरून एक सुचतंय. चैत्रात जोतिबाला आपण वाहतो तोच दवणा. त्याचं तेल परदेशी सेंटवालेही वापरतात, आणि त्यांच्यात म्हणतात की दवणा प्रत्येकाच्या कातडीवर वेगळा वास देतो. तुमचं सेंटही तसंच. सकाळी बाटलीतला वास असतो, संध्याकाळी तुमचा. खाल्लेलं अंगी लागतं म्हणतो ना आपण? तसा हा ‘अंगी लागलेला’ वास. लवंग-दालचिनीचा जोर ओसरला, चंदन तुमच्या अंगाच्या उबेत मिसळलं, हे सगळं त्यात येतं. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

महाद्वार: हे मात्र पटलं. ‘मुरलेला’ अत्तराच्या कुपीला ठेवूया; चंदनावर काढलेलं अत्तर वर्षानुवर्षं खरंच मुरतं.

गुजरीकर: काल मुद्दाम बघितलं. मनगटावर सात तासांनी नुसतं चंदन, थोडं गोडसर. सदऱ्याच्या कॉलरला मात्र आज सकाळीही लवंग येतेय. अंगाची ऊब नाही, म्हणून उडाली नसावी. त्याला ‘अंगी लागला’ म्हणता यायचं नाही. आई कॉलर हुंगून म्हणाली, ‘वास बसलाय कापडाला.’