मदत हवी आहे: एडवर्ड वेसालावरच्या श्रवणसत्रासाठी (आणि कार्ल्याची तबकडी कुणाकडे आहे का?)

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा छोटासा श्रवणगट आहे. पुढच्या बैठकीत एडवर्ड वेसाला (१९४५-१९९९) या फिनिश जॅझ ड्रमर आणि संगीतकारावर दीड तासाचं सत्र करायचं माझ्याकडे आलंय. गटातले बहुतेक जण ख्याल ऐकणारे, काही तबला वाजवणारे. जॅझचं त्यांना वावडं नाही, पण वेसाला पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही, म्हणून क्रम नीट लावायचाय.

सुरुवात ड्रमरपासून करावी असं वाटतं. नॉर्वेच्या सॅक्सोफोनवादक यान गार्बारेकचं 'ट्रिप्टिकॉन' हा अल्बम, मग १९७५ साली मुद्रित झालेलं पोलिश ट्रंपेटवादक टोमाश स्टान्कोचं 'बॅलाडीना'; दोन्हींत ड्रम्सवर वेसाला. बासवर डेव्ह हॉलंड. यात बऱ्याच ठिकाणी वेसाला ठेका धरतच नाही. झांजांवर सळसळ चालू असते, मधेच एखादा जड टोला पडतो, आणि तरी ट्रंपेटची ओळ कुठे विसावणार हे त्याला आधीच कळलंय असं वाटत राहतं. तबलावाल्यांना हे कसं उलगडून सांगावं? 'सम शोधू नका' एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही. आलापाच्या वाटेने गेलं तर? ड्रम्स शिकवणाऱ्या कुणी यावर लिहिलं तर फार उपकार होतील.

'बॅलाडीना'तलंच 'नेनालीना' वेसालाची स्वतःची रचना आहे. तिथून संगीतकार वेसालाकडे वळता येईल: १९७६ साली मुद्रित झालेलं 'सातू', आणि ऐंशीच्या दशकात त्याने साउंड अँड फ्युरी हा वाद्यवृंद बांधल्यावरचं 'लुमी'. इथे हार्प येते, टँगोची चाल येते (फिनलंडमध्ये टँगो घराघरांत मुरलेला आहे), आणि ड्रम्स कित्येकदा मागे उभे राहतात. हार्प वाजवणारी इरो हार्ला ही त्याची पत्नी. या संगीताच्या बांधणीत तिचा मोठा हात होता, त्यामुळे तिचं २००५ चं 'नॉर्थबाउंड' थोडंसं तरी ऐकवायचंच, हे माझं पक्कं आहे. दीड तासात हे सगळं बसवताना काय गाळाल?

आता कार्ला. १९८० साली स्टान्कोने ताजमहालात आणि आपल्या कार्ल्याच्या लेण्यात एकट्याने ट्रंपेट वाजवून मुद्रण केलं, आणि ते वेसालाच्या लिओ रेकॉर्ड्स या तबकडी-कंपनीने काढलं. एकवीरेला जाणाऱ्या प्रत्येकाने तो चैत्य पाहिलाय, कमानदार छत आणि लाकडी फासळ्यांचा. तिथला घुमारा ट्रंपेटच्या सुरांत ऐकवता आला तर सत्राचं सोनं होईल. ही तबकडी कुणाच्या संग्रहात आहे का? हेलसिंकी-एस्पोकडच्या मराठी मंडळींना तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सूचीत ती बघता येईल का? नुसती ऐकून कार्ल्याचा भाग किती मिनिटांचा आहे एवढं कळवलंत तरी चालेल.

सत्र महिनाअखेरीस आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.